पान बत्तीस, आकृती चौथी

पुस्तक म्हणतं :
बाहुलीला बसवायचं असेल तर
गुडघ्याचा दोरा दोन अंक मोजून सैल सोडावा.

शेजारी समासात, पेन्सिलीने :
खोटं. आधी मान, मग गुडघा.
माणूस बसण्याआधी जागा बघतो.

हे अक्षर गजाभाऊ शिरढोणकरांचं.
खजुरी बाजारात जुन्या पंचांगांबरोबर
तोलून घेतलं त्यांनी हे पुस्तक.
मुखपृष्ठ नव्हतंच, म्हणून लेखकही नाही.
आम्ही त्याला नुसतं ‘ते’ म्हणायचो,
पूर्वी बायका नवऱ्याला म्हणत तसं :
‘ते’ काय म्हणतात बघ गं जरा.

गजाभाऊ मालवा मिलमध्ये, सूतखात्यात.
सुटीच्या भोंग्याला खिशात वावभर टाकाऊ सूत.
फाटकावरचा जमादार झडती घेताना विचारायचा,
आज कोणासाठी?
राक्षसासाठी, म्हणायचे, किंवा
प्रधानाचा डावा हात लुळा पडलाय.
जमादार सोडून द्यायचा.
आमच्या राणीचं डोकं म्हणजे फुटका बॉबिन,
मुकुट काढला तर टाळूवर
अजून गिरणीचा नंबर आहे.

त्याखाली हिरव्या शाईत :
मान नव्हे. श्वास. – इं. तां.

इंदुमती तांबवेकर. शाळेत शिवण शिकवायच्या.
त्यांना दमा होता.
पडद्यामागे उभ्या राहिल्या की
छातीतली शिट्टी पहिल्या रांगेपर्यंत जायची,
आणि पोरं एकमेकांना सांगायची,
ऐक, म्हातारा जिवंत आहे.
औषधाने बरं वाटायचं तेव्हा
बाईंचा खेळ पडायचा.
हे त्यांनीच सांगितलं मला, हसत,
आणि हसताना पुन्हा शिट्टी.

मग अंगठा आहे.
आकृतीच्या बरोबर छातीवर, तेलकट, तपकिरी.
नाथू भाट, नागौरकडचा.
थंडीत कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ उतरायचा,
बाज उभी करून तिलाच रंगमंच करायचा.
वाचता येत नव्हतं.
बाईंनी त्याला पान बत्तीस वाचून दाखवलं,
त्यानं सगळं ऐकलं, विडी विझवली,
चित्रावर अंगठा दाबून म्हणाला,
हा बसला नाही बाई, हा पडलाय.

एका थंडीत तो आला नाही.
पुढच्या थंडीत आम्ही छत्र्यांपर्यंत जाऊन आलो.

गिरणी बंद झाली तेव्हा गजाभाऊंनी
पान पस्तीसवर एकच ओळ लिहिली :
नायलॉनला पीळ नसतो.
नंतर समास कोरेच.
पुस्तक पुढे शंभर पानं बोलत राहतं,
कोणी मध्ये बोलत नाही.

आता माझ्याकडे तीन पेट्या, एक माइक,
आणि शनिवारी येणारी आरोही फणसे, वय चौदा.
तिला पुस्तक हवं होतं.
मूळ प्रत कशी देणार, म्हणून गेले झेरॉक्सला.

दुकानातल्या मुलानं पान काचेवर पालथं घातलं.
उजेड एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकला.
‘ते’ आले, ठळक, स्वच्छ, दोन अंक मोजून.
पेन्सिल आलीच नाही.
हिरवी शाई आली, पण धाप लागल्यासारखी,
निम्मी अक्षरं गाळून.
अंगठा मात्र आला. काळाकुट्ट. रेघन्‌रेघ.

दीदी, ये धब्बा हटा दूँ? मुलानं विचारलं.
राहू दे, म्हटलं,
तोच तर एक नीट आलाय.

आरोहीनं ते पान भिंतीला लावलंय.
मागच्या शनिवारी तिनं म्हाताऱ्याला बसवलं,
मान नाही, श्वास नाही,
आधी त्याचा हात मागे गेला,
जमीन चाचपली,
मग उरलेला तो.

हे कुठे लिहिलंय? मी विचारलं.
कुठे नाही, ती म्हणाली,
माझे आजोबा असेच बसतात.

पेन्सिलीला टोक नव्हतं.
ब्लेड शोधता शोधता दिवे गेले,
आणि अंधारात ती मला विचारत होती,
नाथू कोण?