हेही पहा

सियागंजच्या लॅबमध्ये रात्री पावणेदोनला
डिस्क भरली, शंभर टक्के.
नेट त्याच्याही आधी गेलेलं.
ओलंबे मॅडम नोकरी सोडताना एवढंच म्हणाल्या होत्या,
"अडलीस तर मॅन लाव, त्यात सगळं आहे."

आहे सगळं.
फक्त मल्हारगंजात पत्ता सांगतात तसं:
जिथं आधी चक्की होती, तिथून डावीकडे.
चक्की कुठं होती हे ज्याला माहीत
त्याला पत्ता विचारावाच लागत नाही.

तरी शिकले. पान वाचायचं म्हणजे आधी खुणा वाचायच्या.
उभी रेघ: हे किंवा ते, दोन्ही मागू नकोस.
तीन टिंबं: हवं तितक्यांदा.
चौकटी कंस: दिलं तर दिलं, नाही तर अडत नाही.
(स्थळाच्या कागदावर मात्र माणसं आधी कंसच वाचतात.
माझ्या नावापुढं एक आहे.)
आणि पहिल्या दिवशी बाहेर कसं पडायचं तेच कळेना;
नुसता क्यू दाबायचा असतो,
तळाच्या ओळीत लिहिलेलं होतं, उलट्या रंगात.

तर, शोधलं. रक्त तपासणाऱ्या यंत्राची नोंद,
मागल्या होळीपासून कुणी हात न लावलेली,
एक्केचाळीस जीबी.
पान वाचून, परत वाचून, पुसली.
पाहिलं तर शंभर टक्के.

आरएमच्या पानाच्या अगदी शेवटी, हेही पहा:
अनलिंक, कंसात दोन.
गेले तिकडे. कोरड्या इंग्रजीत लिहिलंय
की नाव लगेच पुसलं जातं, जागा नाही;
कुणीतरी ती फाइल अजून उघडी धरून असेल
तर तो सोडेपर्यंत ती असते.
निनावी. यादीत न दिसणारी.
तेवढीच जड.

ज्यानं हे लिहिलं त्याला मी दिसत नव्हते.
सल्ला नाही, धीर नाही, "बाळ" नाही.
इतकं नीट मला कुणी सांगितलं नव्हतं.

यंत्राचा प्रोग्राम बंद केला, चालू केला.
त्रेपन्न टक्के.

चौकीदार गेंदालाल चहा घेऊन वर आला,
"इत्ती रात को क्या पढ़ रही हो, दीदी?"
"पता," म्हटलं.
तो थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिला,
मग म्हणाला, आज आलं जरा जास्तच पडलंय.