तीन हप्त्यांचं हसू

निपाणीत आमच्या गल्लीत तेव्हा एकच टीव्ही,
नेमाण्णा उपाध्यांच्या सोप्यात,
लाकडी शटरचा, वर क्रोशाचा रुमाल.
बुधवारी रात्री त्यावर यायचा
एजंट पौने सात.
आमच्या गल्लीत आल्यावर तो पावणेसात झाला.

माझं काम कौलांवर.
अँटेना कोल्हापूरकडं वळवली की मुंग्या,
बेळगावकडं वळवली की नुसती सावली,
मधे कुठंतरी, अर्ध्या बोटाच्या फरकात,
सापडायचा तो छत्रीवाला हेर.
"आलं का?"
"गेलं!"
"आता?"
"आलं आलं! हलू नको गा, तस्साच थांब!"

तस्साच थांबलो.
अख्खा उन्हाळा, मग अख्खा पावसाळा,
डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन,
कारण छत्री उघडली तर चित्र जायचं.
वखारीकडनं तंबाखूचं वारं आलं
तर शिंकसुद्धा गिळायची.
मी शिंकलो की एजंट बेपत्ता.

त्याच्या छत्रीच्या मुठीत म्हणे गुप्त फोन.
घंटी वाजली की छत्री मिटायची
आणि भर पावसात साहेबांना सांगायचं,
"कुणाला काही कळलेलं नाही सर,"
आणि भोवती उभी शत्रूची माणसं
त्याला अंग पुसायला टॉवेल द्यायची.

हे मला कस्तुरी सांगायची, माझी बहीण,
रात्री विड्यांचे कट्टे बांधता बांधता.
मी बघितलं काहीच नाही.
मी फक्त ऐकलं.

खालनं हसू यायचं ते तीन हप्त्यांत.
पहिलं, शाळेतल्या पोरांचं,
हिंदी कळल्याचं दाखवायची घाई असलेलं.
मग मागच्या बायकांचं,
मांडीवर सूप, डोळे पडद्यावर,
बोटं आपली आपल्या वाटेनं पान वळताहेत.
कस्तुरीनं मराठीत सांगितलं की त्या हसायच्या.
आणि सगळ्यात शेवटी गंगव्वा.
तिला तिची सून कन्नडात सांगायची, कानाशी वाकून, सावकाश,
तोवर पडद्यावर दुसरंच चाललेलं,
बॉम्ब टिकटिकतोय, कुणी तरी मरायला टेकलंय,
सगळं घर चिडीचूप,
आणि त्यात ती एकटी,
"अय्य शिवने!"
खदाखदा, पदरात तोंड घालून.
मग तिच्या हसण्याला सगळे हसायचे.
बॉम्ब राहायचा बाजूला.
वर मीही हसायचो, कशाला ते ठाऊक नसताना,
आणि अँटेना हलायची,
आणि खालनं शिव्या.

एकदा म्हणे पावणेसातला सीमेवर धरलं.
तिथली सीमा काटेरी तारेची, झोतदिव्यांची.
आम्हाला ठाऊक होती ती कोगनोळीची,
जिथं पाट्यांवरची अक्षरं
डोक्यावरची रेघ टाकून गोल होतात.
दरडावून विचारलं त्याला,
"बोल, तू कुठल्या बाजूचा?"
त्यानं विचार केला. छत्री मिटली.
म्हणाला, "च्या कुठल्या बाजूला बरा मिळतोय?"
तिसऱ्या हप्त्याचं हसू
त्या दिवशी पहिल्याच्याही आधी आलं,
असं कस्तुरी सांगते.
मला तसं आठवत नाही.

परवा पोराच्या मोबाइलवर सापडला तो.
सव्वीसच्या सव्वीस भाग.
पहिल्यांदाच बघितलं त्याचं तोंड.
वाटलं होतं त्यापेक्षा बारीक, जरा दमलेला.
तुरुंगाची भिंत टेकलं की हलते,
खलनायकाची मिशी एका कडेला सुटलीय.
छत्री आहे. फोन आहे.
टॉवेल नाही.
च्या तर कुठंच नाही.

कस्तुरीला हुबळीला फोन लावला.
"मला काय ठाऊक," म्हणाली,
"मी कट्टे मोजत होते.
खरं तुला झोप लागत नव्हती,
ते ठाऊक होतं."

मोबाइलमधलं हसू भरून ठेवलेलं आहे.
ते वेळेवर येतं,
सगळं एकदम येतं,
नळ बंद केल्यागत थांबतं.
पोरगं विचारतं, "पुढचा भाग लावू?"
थांब, म्हटलं.
हलू नको गा, तस्साच थांब.
गंगव्वा हसायची आहे अजून.