पेव

पाठ वाकवा, मलगोंडा. आणखी.
हनुवटी छातीला लागू दे.
नर्सने खांदे धरलेत,
मी पाचव्या मणक्याशेजारी बोट टेकवते.
कातडीखाली चाळीस वर्षांची पोती
घट्टा होऊन बसलेली.

"काय करताय, बाई?"
औषध सोडते. इथल्या नसा झोपतील.
झडप बदलून तुम्ही जागे व्हाल
तेव्हा छाती कमी दुखेल.

"सोडताय व्हय," ते हसतात,
"आमी बी सोडायचो. दिवा."

सांगत राहतात, मी सांगू देते;
बोलणारा माणूस कमी दचकतो.
हरिपुरात पेवाचं तोंड फोडलं
की लगेच कुणी उतरायचं नाही.
आधी दोराला कंदील.
तळाशी जाऊन विझला
तर तोंड उघडं टाकून
चहाला जायचं, दुपारपर्यंत.
दम लागायचा पुढे पुढे.
त्यांना वाटलं हळदीची धूळ.
धूळ नव्हती. लहानपणचा सांधेताप
झडपेला चिकटून मोठा झालेला.

पडद्यावर राखाडी थर, थराखाली थर.
सुई तिरकी, उजळ, हाडाला टेकते.
मागे ओढून बघते: रक्त नाही.
थोडं सलाईन,
आणि स्नायू हाडावरून उचलला जातो,
एक काळी फट वर-खाली पसरत जाते.
मग औषध. मग बारीक नळी, चिकटपट्टी.
मग दुसरी बाजू.
डावीकडे फट जरा आखूड वाटली मला.
वाटली, आणि मी पुढे गेले.

मधले पाच तास भूल माझी, छाती सर्जनची.
त्यातला दीड तास हृदय थांबलेलं,
रक्त यंत्रातून फिरत होतं.

सकाळी मिरजेत ऊन खिडकीपर्यंत आलंय.
नळी निघाली, घसा बसलाय.
स्पिरिटचा बोळा छातीवरून फिरवते.
गार लागतं?
"न्हाई."
इथे?
"न्हाई."
इथे?
"न्हाई, वल्लं लागतंय नुसतं."
डावीकडे, शेवटच्या बरगड्यांशी:
"हितं लागलं. गार."

बोळा तिथेच थांबतो.
आखूड फट. मला कालच दिसली होती.

"दुखतं का तिथे?"
"खोकलं की."
खोकावं तर लागेलच, कफ तळाला साचतो.
कलावतीबाई उशी घेऊन उभ्याच आहेत,
रात्रभर कुणी शिकवल्यासारख्या.
नवऱ्याच्या छातीतून येणारी टिकटिक
त्यांनी पहाटे ऐकली,
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं,
ते बंद होतं.

"बाई, त्या गार जागंचं वाईट वाटून घेऊ नका,"
मलगोंडा म्हणतात,
"दिवा तळाला पोचला, इझला न्हाई
एवढं कळलं."

मी काही बोलत नाही.
डावीकडच्या नळीला सिरिंज लावते,
हळूहळू दाबते,
वीस मिनिटं, सांगते, वीस मिनिटं थांबा.

कलावतीबाई थांबत नाहीत.
उशी त्यांच्या छातीशी घट्ट धरतात,
म्हणतात, खोका.