पुडी

पारोळ्याच्या स्टँडवर फुटाणे घेतले,
पुडी उलगडली तर आत केसपेपर.
सुभद्रा दौलत बागुल, वय चौतीस.
पुढच्या ओळीवर तिखटमीठ सांडलेलं.

ती ओळ वाचायची गरज नव्हती,
लिहिली मीच होती.
दवाखान्याची रद्दीही मीच दिली, सही करून,
छत्तीस किलो.
काटा बरोबर होता.

म्हटलं, कागद दे. गठ्ठाच दे.
"अन् फुटाना कसामा बांधू?"
माझ्याकडे उत्तर नव्हतं,
शंभराची नोट होती.

आता एसटीत मांडीवर पिशवी.
शेजारच्या बाई सहज वाकून बघतात:
"कोनं कागद शेतस भाऊ?"
आमचेच, म्हणतो,
आणि वरच्या कागदावरची ओळ
अंगठ्यानं झाकतो.
अंगठ्याला तिखट लागतं.
एरंडोलपर्यंत डोळ्यांना हात लावायचा नाही.