छातीपर्यंत पाइप

गोळीबार चौकामागे, निखाऱ्यांच्या बोळात
मे महिना भिंतींना हात लावू देत नव्हता.
खिडकीत कूलर, वाळा नवा, टाकी गंजकी.
गुंजन म्हणाली, "काका, हा कूलर चावते."
आणि तळहात पुढे केला,
जसे काही दातांचे वण दिसतील.

टेस्टर टेकवला.
त्याच्या पोटातला नारिंगी दिवा
राईएवढा.
तेवढा उजेड पुरतो
वायरमनला घाम फुटायला.

मग मेन बंद केला
आणि हिरव्या तारेचा माग काढत निघालो.
मीटरच्या पेटीपासून ती नीट उतरली होती,
कुणीतरी मन लावून ओढलेली,
वितीवितीवर क्लिप.
बोळात आल्यावर मात्र उघडी.
तिच्यावर पोछा वाळत होता,
खाली सायकलचं पायडल रोज घासून
भिंतीला खाच पडलेली.
"आखाडात बोकड बांधला होता एकदा," मैनाबाई म्हणाल्या,
"तशी मजबूत आहे."
नालीवाल्यांच्या सब्बलीनं शेवटचा घाव घातला असावा:
जमिनीपासून चार बोटं वर
तार तुटलेली,
दोन्ही टोकं काळवंडून
आपापल्या दिशेला वळलेली.

"कधी तुटली?"
"काय माहीत बाप्पा. लाइट तं कधी गेली नाही."

हेच तर.
लाल तुटली की पंखा थांबतो
आणि अख्खं घर मला फोन करतं.
काळी तुटली तरी तेच.
हिरवी तुटते
आणि मालिका चालू राहते,
फ्रीजमधलं दूध नासत नाही,
पाहुणे येतात, बर्फ घालून पन्हं पितात,
एक उन्हाळा जातो, दुसरा जातो,
मग एखाद्या दुपारी कुणी ओल्या पायानं
टाकीत पाणी ओतायला

पुढचं वाक्य मी गिळलं.
गुंजन ऐकत होती.

आयटीआयत आमचे धकाते मास्तर
खडूनं फळ्यावर भिंत काढायचे, भिंतीला तार,
आणि तारेशेजारी एक मोठा बूट.
"नियम पाठ नसला तरी चालेल, बूट पाठ ठेव.
जिथं लाथ लागू शकते
तिथं लागलीच समज.
आणि लोखंडी पाइप घातलास
तर दोन्ही तोंडांना तारेशी घट्ट जोड,
नाहीतर ऐन वेळी
राखणदारच वाट अडवून उभा राहतो."
आम्ही हसलो होतो तेव्हा.
बूट अजून पाठ आहे.

"पाइपाचे सहाशे?" मैनाबाई म्हणाल्या.
"काहून? त्या तारेत तं करंटच नसते म्हणता."
"नसतो, मावशी. म्हणूनच."
हे उत्तर मलाही पुरेसं वाटलं नाही.
त्या माझ्याकडे बघत राहिल्या,
मग पलंगाखाली, जिथं सासऱ्यांचा हातमाग
खोलून, गाठोडं करून ठेवलाय.
"ताण्याचा एक धागा तुटला," त्या म्हणाल्या, कुणाला कोण जाणे,
"तं माग थांबत नसे. हातभर विणल्यावर दिसे."
आणि डब्यातून पैसे काढायला आत गेल्या.

नवी तार, अखंड, मधे सांधा नाही.
जमिनीखालून वीतभर, वर माझ्या छातीपर्यंत
जाड लोखंडी पाइप, पाच सॅडल,
वरखाली क्लॅम्प.
मागच्या अंगणात खड्ड्याची काळी माती
भेगाळली होती, भेगेत बोट जाईल एवढी.
दोन बादल्या ओतल्या. फुसफुसत प्यायली.
"आठवड्याला एक," मी सांगितलं,
"तुळशीसारखं नाही, विसरलं की ओरडणार नाही हे."

मेन चालू केला. टेस्टर टाकीला लावला.
दिवा लागला नाही.
पुन्हा लावला.
नाही.
गुंजननं आधी एक बोट, मग पाच,
मग निघता निघता पाइपाला टाचेनं लाथ घातली.
टण्ण.

सायकल होती तिथंच टेकली.
मैनाबाईंनी पोछा पिळला, झटकला
आणि पाइपाच्या टोकावर वाळत घातला.
मी काही बोललो नाही.
त्यासाठीच तर बसवलाय.