हातचा एक

कागदगिरणी बंद पडली, नदीवरचा आंबूस वास गेला.
संघ अजून खेळतो, खालच्या श्रेणीत का होईना,
आणि मी, आइला नुर्मेला, त्याच्या बेरजा सांभाळते
रिंकच्या पोटातल्या खोलीत. भिंतीपलीकडे
बर्फाचं यंत्र गुरगुरत असतं.

अठ्ठावन्न हंगामांच्या वह्या. पहिल्या सतरा पेन्सिलीत,
म्हाताऱ्या ताव्हेत्तीच्या तिरप्या अक्षरात.
गोल, पास, शिक्षेची मिनिटं,
आणि तो अधिक-उणेचा रकाना, सगळ्यांत निर्दय:
आपल्यावर गोल झाला तेव्हा तुम्ही बर्फावर होतात ना?
मग उणे एक. चूक तुमची असो, नसो.
(घटस्फोटाच्या वर्षी हा रकाना मला नीट कळला.)

फेब्रुवारीत एन्सियो वार्तिया आला.
बचावपटू. चारशे बारा सामने, तीन गोल, उणे एकसष्ट.
चेहरा मात्र मी पहिल्यांदाच पाहत होते.
दाराशी बूट आपटले, टोपी काढली.
वाटलं, आता हरवलेला गोल मागणार.
सगळे तेच मागतात. एकदा एक नातू आला होता,
आजोबांच्या दगडावर कोरायला आकडा कमी पडत होता म्हणून.

हा म्हणाला, "माझा एक काढून टाक.
एकाहत्तरचा जानेवारी. उघडा रिंक. उणे एकतीस."
मी वही उघडायला लागले.
"थंडी गं," तो म्हणाला, "थंडी."

"फटका माझा. पण पक वळला तो तोइवोच्या काठीला लागून.
त्याला कळलं नाही. मला कळलं होतं.
चोवीस वर्षांचा होतो, आणि वडील बघायला आले होते."

तोइवो सुओनिओ. नव्वद सामने. गोल: शून्य.
पुढच्याच वर्षी स्वीडनला गेला, मोटारींच्या कारखान्यात,
आणि तिथलाच झाला.

नियम सांगितला: अठ्ठेचाळीस तासांनंतर नोंद बदलत नाही.
"ठाऊक आहे," तो म्हणाला.
"चौपन्न वर्षं हातचा एक धरून बसलोय.
कुठे मिळवू, तेवढं सांग."

बराच वेळ फक्त यंत्र बोललं.

मग संगणकाने विचारलं, बदलाचं कारण?
टंकनदोष. पंचांचा निर्णय. इतर.
मी 'इतर' निवडलं. खालची चौकट रिकामी ठेवली.

तिनाचे दोन झाले. शून्याचा एक.
नियमाने एन्सियोच्या नावावर एक पास चढला.
तो नको नको म्हणत होता,
पण पास त्याचाच, मी तरी काय करणार?

तळाशी हंगामाची बेरीज पाहिली. एकशे अठरा होते.
एकशे अठराच.

तो गेल्यावर त्याच्या बुटांचं पाणी पुसलं,
वही मिटायला घेतली, तेव्हा दिसलं:
त्या गोलाशेजारी, समासात, अगदी पुसट,
ताव्हेत्तीचं प्रश्नचिन्ह.