एकविसावा दिवस

बोट विकली त्याला सहा वर्षं झाली.
घेणारा ट्रॉम्सोचा. त्याने आतली कपाटं उखडली,
बाक टाकले, आता पर्यटकांना देवमासे दाखवतो.
देवमासे कधी दिसतात, कधी नाही.
पुस्तकं रोज दिसायची.

तोर्फिन सुकाणूवर, मी आत शिक्के मारत,
महिन्यातून एकदा प्रत्येक बेटाच्या धक्क्याला.
धक्क्यावर पाच-सात माणसं, वाऱ्याकडे पाठ करून,
पिशव्यांत परत आलेली पुस्तकं, पुस्तकांत घरातलं काहीबाही:
लोकरीचा धागा, विजेचं बिल, चिकटून वाळलेला खवला.
कुठल्या घरातून आलं ते मला वासावरून कळायचं.
ओडलाउगचं पुस्तक म्हणजे कॉफी.
उजव्या कोपऱ्यात कपाचा गोल,
माझ्या शिक्क्याहून ठसठशीत.

मग तिचे डोळे गेले. म्हणजे मधले गेले, कडा राहिल्या.
"जिथे बघते तिथेच नसतं," ती म्हणाली,
"सगळं जग समासात जाऊन बसलंय."

मीच नेऊन दिलं तिला ते यंत्र, पाटीएवढं,
बोट कसं सरकवायचं ते शिकवलं.
तिने अक्षर वाढवलं, अजून वाढवलं,
पानावर चार शब्द उरेपर्यंत.
ती दार उघडून बाहेर. पान.
आली तेव्हा बर्फ थांबला. पान.
कादंबरी वीस हजार पानांची झाली
आणि ओडलाउग दिवसाला हजार पानं उलटू लागली,
एक्याऐंशीव्या वर्षी.
खोटं कशाला बोलू, माझ्या बोटीला हे जमलं नसतं.

ओस्लोहून ग्रंथालयाला करार येतात:
ही प्रत सव्वीस वेळा देता येईल, पुढे नवी घ्या.
प्रत म्हणतात तिला, जिला पुठ्ठा नाही, शिवण नाही,
जी झिजत नाही म्हणून मोजून झिजवायची.
आणि कोण कुठल्या ओळीवर थांबलं, किती वेळ,
तेही प्रकाशकाला कळतं म्हणे.
न्योल म्हणून आमच्याकडचा लिहिणारा मुलगा, त्याला कळवलं,
तिसऱ्या प्रकरणात निम्मे वाचक गळतात.
त्याने तिसरं प्रकरण गाळलं.
त्यात त्याची आई होती.

परवा रात्री फोन. वादळ, फेऱ्या बंद.
"चोरी झाली," ओडलाउग म्हणाली. "पुस्तक नेलं."
बाराला एकविसावा दिवस संपला होता
आणि शेवटचं प्रकरण तिच्या हातातल्या हातात
परत निघून गेलं होतं, आपणहून,
ना धक्का, ना पिशवी.
रांगेत चौदा जण आहेत, यंत्र सांगत होतं, नम्रपणे.

वादळात आम्ही कधी दंड लावला नाही.
खिडकीबाहेर बोट दाखवलं की पुरे.
यंत्राला वारा दाखवायचा कुठून?

बोटीवरची रद्दी, चार खोकी, माझ्या माळ्यावर होती.
विजेरी घेऊन चढले. गुडघे बोलले, ते बोलू दिले.
तिसऱ्या खोक्यात सापडलं.
फोन कानाशी, पुस्तक मांडीवर, वाचू लागले.
मोठ्याने वाचताना कळतं वाक्यं किती लांब होती,
कशी एका श्वासात खाडी ओलांडायची.
ती मध्येच म्हणायची, "थांब, पान उलटू दे,"
आणि हसायची.

दोनशे ऐंशीव्या पानावर, उजवीकडे,
अक्षरांवर चढलेला तपकिरी गोल.
मागचं कार्ड काढलं. फेब्रुवारी एक्याण्णव, शिक्का माझा,
सही तिची, तेव्हाची, ठाम, ओळीवर बसलेली.

"गप्प का झालीस?" ओडलाउग विचारते.
"पुढे काय होतं? जाते का ती त्याला सोडून?
काही सुचतच नाही बघ मला, काय होईल ते."

"ऐक," मी म्हटलं,
आणि डागाच्या कडेकडेने वाचत गेले.